वेंकटप्पांची रामकथा

बंगळूर शहराच्या वायव्येस मल्लेश्वरम नावाची जुनी वसाहत आहे. १८९८ च्या प्लेगने जुन्या पेठेतील दाट वस्ती हादरली, तेव्हा मोकळ्या हवेत, सरळ रस्ते आखून जे नवे भाग वसविण्यात आले त्यांपैकी हा एक. परंतु वसाहत नवी असली तरी गावाला नाव देणारा देव पुष्कळ जुना आहे. झाडीतील म्हणून त्याला काडु मल्लेश्वर म्हणतात, आणि त्याच्या देवळाशी असलेला एक शिलालेख मराठी माणसाला विशेष जवळचा वाटावा असा आहे. १६६९ सालच्या या लेखात मेदरनिंगनहळ्ळी नावाचे गाव मल्लिकार्जुनाला इनाम दिल्याची नोंद आहे. दान देणारा आहे एकोजी, म्हणजे शहाजीराजांचा मुलगा आणि शिवछत्रपतींचा सावत्र भाऊ व्यंकोजी. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर त्यावेळी त्याच्याकडे होती.

या व्यंकोजीने पुढे १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली. त्या गादीच्या आश्रयाने, विशेषतः दुसऱ्या सरफोजीच्या काळी, जी चित्रकला बहरली ती तंजावर शैली म्हणून आज सर्वांना ठाऊक आहे. लाकडी फळी, तिच्यावर उठावाचा लेप, त्यावर सोन्याचा वर्ख आणि जडविलेले खडे, असा तिचा थाट. हिची एक धाकटी बहीण कर्नाटकात आहे. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगर उद्ध्वस्त झाले, तेथील चितारी घराणी आश्रयासाठी देशोधडीला लागली, आणि त्यांतील काही तंजावराकडे, तर काही श्रीरंगपट्टण व म्हैसूरकडे गेली, असे परंपरा सांगते. म्हैसूरच्या शैलीत खड्यांचा लखलखाट नाही. चिंचेच्या जाळलेल्या काडीने आराखडा काढावा, खारीच्या केसांच्या कुंचल्याने रेषा ओढावी, आणि सोने घालावयाचे ते इतक्या पातळ उठावावर की बोट फिरविल्यावाचून तो कळू नये, ही तिची रीत. तिचा सारा मान रेषेत आहे.

अशाच एका चितारी घराण्यात, १८८६ च्या सुमारास, म्हैसूर येथे के. वेंकटप्पा यांचा जन्म झाला. वडील राजवाड्याच्या नोकरीतील चित्रकार. मुलाने वडिलांच्या हाताखाली रंग वाटावेत, रेषा गिरवाव्यात, आणि यथाकाल त्यांच्या जागी बसावे, असा त्या घरांचा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम होता. पण वेंकटप्पा हाताशी येईपर्यंत तो क्रम मोडकळीला आला होता. १८९७ मध्ये म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा आगीत जळाला. नव्या वाड्यासाठी चित्रे हवी होती आणि त्यांसाठी बोलावणे गेले ते राजा रविवर्म्याला. कॅनव्हासवरील तैलरंग, मांसल देह, विलायती पद्धतीची छायाप्रकाशाची योजना हीच आता उच्च कला ठरली होती, आणि सोन्याच्या वर्खाची देवचित्रे काढणारा चितारी हा सुतार-लोहारांच्या पंक्तीला जाऊन बसला होता. वेंकटप्पांच्या पुढच्या आयुष्यातील कडवा स्वाभिमान ज्याला समजून घ्यावयाचा आहे त्याने ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ज्याच्या बापाच्या विद्येला एका पिढीत कारागिरी म्हणून खाली ढकलण्यात आले, त्याला चित्रकाराच्या मानापमानाविषयी उदासीन राहता येत नाही.

महाराज कृष्णराज वोडेयर चौथे हे गुणग्राहक राजे होते. त्यांनी या तरुणातील चमक ओळखली आणि १९०९ मध्ये त्याला कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत धाडले. तेथे अवनीन्द्रनाथ ठाकूर शिकवीत होते. नंदलाल बसू आणि असितकुमार हालदार हे सहाध्यायी. या मंडळींचा ध्यास एकच होता: विलायती तैलचित्रांची नक्कल सोडून हिंदी चित्राला त्याचे स्वतःचे शरीर परत द्यावयाचे. त्यांनी उचललेले तंत्र मात्र मोठे मौजेचे होते. योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार १९०३ मध्ये कलकत्त्यास येऊन राहिले होते. त्यांच्या संगतीत अवनीन्द्रनाथांना धूसर जलरंगाची पद्धत सुचली. चित्र रंगवावयाचे, वाळवावयाचे, मग कागद पाण्यात बुडवावयाचा, पुन्हा रंगवावयाचे, पुन्हा बुडवावयाचा, असे करता करता रंग कागदात मुरतो आणि सारे दृश्य पहाटेच्या धुक्यातून पाहिल्यासारखे दिसू लागते. बंगाली शिष्यांपैकी कित्येकांच्या चित्रांत या धुक्याने आकृतीही गिळून टाकल्या. वेंकटप्पांच्या चित्रांत तसे झाले नाही. म्हैसूरच्या चिताऱ्याचा हात त्या धुक्यातही रेषा सोडीत नव्हता. अवनीन्द्रनाथांनी भारतीय मूर्तींच्या शरीरप्रमाणांवर लिहिलेला निबंध १९१४ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाला. त्यातील रेखाकृतींसाठी गुरूने निवडलेले हात दोनच होते, एक नंदलालांचा आणि दुसरा वेंकटप्पांचा. (या निबंधाचे इंग्रजी भाषांतर सुकुमार राय यांनी केले. बंगालच्या मुलांना पोट धरून हसविणारे ते सुकुमार राय हेच.)

मराठी मुलखाशी वेंकटप्पांचा संबंध याच काळात आला. लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाईंनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले होते. मदतीला कलकत्त्याहून अवनीन्द्रनाथांचे विद्यार्थी पाठविण्यात आले, आणि त्यांत नंदलाल व हालदार यांच्याप्रमाणे वेंकटप्पाही होते. अजिंठा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. अंधाऱ्या लेण्यांत हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या हातांची वळणे दिवसेंदिवस गिरविणे, ही चितारी घराण्यातल्या मुलाला परकी वाटणारी गोष्ट नव्हती. घरी त्याने दुसरे काय केले होते?

या शिक्षणाचे फळ ज्या ग्रंथात उतरले तो १९१३ मध्ये लंडनच्या हॅरप कंपनीने प्रसिद्ध केला. हिंदूंच्या आणि बौद्धांच्या पुराणकथांचा हा संग्रह भगिनी निवेदितांनी लिहावयास घेतला होता. १९०७ मध्ये त्यांनी मुलांसाठी पाळण्यातील हिंदू कथांचे एक पुस्तक लिहिलेच होते, आणि त्याच जिव्हाळ्याने हे मोठे काम चालले असता १९११ च्या ऑक्टोबरात दार्जिलिंग येथे त्यांचे देहावसान झाले. अपुरा ग्रंथ आनंद कुमारस्वामींनी पुरा केला. त्याला केवळ मुलांचे पुस्तक म्हणता येणार नाही. पण घरातील मोठ्या माणसाने मोठ्याने वाचावे आणि मांडीशी बसलेल्या मुलाने चित्रे पाहावीत, अशा जातीचा तो ग्रंथ आहे. त्यात बत्तीस रंगीत चित्रे आहेत. महाभारतातील पुष्कळ प्रसंग नंदलालांनी रंगविले, आणि रामकथेतील बरीच चित्रे वेंकटप्पांच्या वाट्याला आली. रावणाशी झुंजणारा जटायू, सीतेकडे मुद्रिका पाठविणारा राम, वानरांनी बांधलेला सेतू ही त्यांचीच.

गोष्टीच्या पुस्तकातील चित्र ही एक अवघड चीज आहे. भिंतीवरचे चित्र स्वतंत्र असते, पुस्तकातल्या चित्राला गोष्टीचा धागा हाती धरून चालावे लागते. गोष्टीत जे लिहिले आहे तेवढेच दाखविले तर ते निरुपयोगी, आणि गोष्ट सोडून भलतीकडे गेले तर उपद्रवी. शिवाय मूल हा कठोर परीक्षक असतो. रामाने मुद्रिका दिली असे वाचले की ते प्रथम मुद्रिका शोधते. वेंकटप्पांची चित्रे या परीक्षेत उतरतात, कारण त्यांच्या घराण्याचे कामच ते होते. देवळातील आणि देवघरातील चित्र निरक्षर भाविकाला कथा सांगण्यासाठीच काढलेले असे. कोणाच्या हातात काय, कोण कोणाच्या कोणत्या बाजूला, ही शिस्त त्यांच्या बोटांत होती. कलकत्त्याने तिला हवा आणि अंतर दिले.

हे सारे शक्य झाले याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. रविवर्म्याची चित्रे घरोघर गेली ती शिळाछापाने, आणि शिळाछापात रंग ठसठशीत उठतो पण छटा मरते. विसाव्या शतकाच्या आरंभी हाफटोन ब्लॉक चांगले निघू लागले. मूळ चित्राचे छायाचित्र बारीक रेघा कोरलेल्या काचेतून घ्यावयाचे, म्हणजे छटेचे रूपांतर लहानमोठ्या ठिपक्यांत होते. पिवळा, तांबडा व निळा असे तीन ब्लॉक एकावर एक बरोबर बसविले की जलरंगाचा पुसटपणासुद्धा कागदावर उतरतो. कलकत्त्यात या विद्येचे आचार्य होते उपेन्द्रकिशोर राय, म्हणजे सुकुमारांचे वडील. त्यांनी याच १९१३ साली ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले. धूसर जलरंगाची शैली आणि हाफटोनचा ब्लॉक यांची गाठ पडली नसती, तर अवनीन्द्रनाथांच्या शिष्यांची कीर्ती कलकत्त्याच्या चार दिवाणखान्यांबाहेर गेली असती की नाही, याची शंकाच आहे.

महाराष्ट्रात त्या सुमारास काय चालले होते? मुलांसाठी वाङ्मय निघत होते. विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ १८८१ पासूनचे, वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ पासूनचा. रंगीत चित्रांची चैन मात्र सहसा परवडत नसे. आणि तरीही, वेंकटप्पांची रामकथा निघाल्यावर एका वर्षाने, १९१४ मध्ये, लंडनच्या मॅकमिलन कंपनीने एक पुस्तक काढले ते अस्सल मराठी गोष्टींचे. आपल्या घरी श्रावणात आणि व्रतांच्या दिवशी ज्या कहाण्या सांगितल्या जातात, त्या सी. ए. किंकेड या मुलकी अधिकाऱ्याने इंग्रजीत उतरविल्या. पुढे पारसनिसांच्या सहकार्याने मराठ्यांचा इतिहास लिहिणारे किंकेड ते हेच. आदितवारची कहाणी, सोमवारची कहाणी, नागोबाची, सोमा परटिणीची, दिव्यांच्या अवसेची अशा त्या कथा, आणि त्यांची चित्रे काढली मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी.

धुरंधर १८६७ मध्ये कोल्हापुरास जन्मले आणि १८९० मध्ये कलाशाळेत दाखल झाले. अजिंठ्याच्या प्रतिकृती मुंबईच्या विद्यार्थ्यांकडून प्रथम करवून घेणारे ग्रिफिथ्स हे त्यांचे प्राचार्य. म्हणजे अजिंठ्याची वाट मुंबईकरांनी बंगाल्यांच्या आधी तुडविली होती, पण तेथून दोघे दोन भिन्न वस्तू घेऊन आले. बंगाली चित्रकारांनी देहाचे लवचिक वळण घेतले. मुंबईचा विद्यार्थी अचूक निरीक्षण शिकला. धुरंधरांनी काढलेल्या कहाण्यांतील बायका खऱ्या नऊवारी लुगड्यातल्या आहेत. त्यांच्या उभे राहण्यात आणि पदर सावरण्यात मराठी घर ओळखू येते. वेंकटप्पांचा राम कोणत्याही प्रांताचा नाही, तो अजिंठ्याच्या भिंतीवरून उतरला आहे. यांत कोणते श्रेष्ठ, हा वाद पुढे मुंबई आणि बंगाल यांच्यात पुष्कळ माजला. मुलाच्या दृष्टीने पाहावे तर निवाडा कठीण नाही. आपल्या आजीसारखी दिसणारी कहाणीतली म्हातारी आणि कोणासारखाच न दिसणारा राम, दोन्ही त्याला हवे असतात. खेदाची गोष्ट इतकीच की ही दोन्ही पुस्तके इंग्रजीत होती. ज्या घरांतून या कथा गेल्या त्या घरांतील मुलांच्या हाती ती फार थोडी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः रंगविलेले चित्ररामायण १९१६ मध्ये निघाले, तेव्हा ही उणीव थोडी भरली असे म्हणता येईल. पण राजाने स्वतः कुंचला धरल्याशिवाय असे पुस्तक निघू नये, यातच मराठी प्रकाशनाची त्या वेळची ऐपत दिसते.

दोन पुस्तकांत आणखी एक फरक आहे आणि तो लहान नाही. किंकेडांच्या पुस्तकावर चित्रकार म्हणून धुरंधरांचे नाव स्पष्ट आहे. हॅरपच्या ग्रंथाचे मुखपृष्ठाआडचे पान मात्र सांगते की चित्रे अवनीन्द्रनाथ ठाकुरांच्या देखरेखीखाली भारतीय चित्रकारांनी काढली आहेत. कोणी काढली, हे चित्रांची यादी शोधून पाहावे तेव्हा कळते. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नाही. गुरूच्या कारखान्यात शिष्यांनी काम करावे आणि नाव गुरूचे व्हावे, ही जगभरची जुनी रीत आहे, आणि वेंकटप्पांच्या पूर्वजांनी तर कधी चित्राखाली सहीसुद्धा केली नसेल. पण काळ बदलला होता. सही करण्याचा अधिकार हीच नव्या चित्रकाराची मिळकत होती.

वेंकटप्पा १९१६ च्या सुमारास म्हैसूरला परतले. आता ते राजवाड्याचे चित्रकार होते, आणि गोष्टींच्या पुस्तकासाठी काम करण्याचा अध्याय त्यांच्यापुरता मागे पडला. त्यांनी हस्तिदंतावर इतकी सूक्ष्म व्यक्तिचित्रे काढली की भिंगाखाली पाहावीत. वाड्यासाठी पौराणिक प्रसंगांची प्लास्टरमधील उठावशिल्पे केली. उटकमंड आणि कोडाईकनाल येथे राहून डोंगरांवरचे धुके, पाऊस आणि चांदणे जलरंगात पकडले. ही निसर्गचित्रे पाहणाऱ्याला एक जाणीव झाल्याशिवाय राहत नाही. कलकत्त्याच्या शाळेत जे धुके तंत्राने आणले जाई, ते येथे खरोखरीचे आहे, आणि वेंकटप्पांनी ते एखाद्या हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने नोंदविले आहे.

मध्येच त्यांना वीणेचे वेड लागले. वेड हा शब्द त्यांचाच. वीणा शेषण्णा हे म्हैसूरचे श्रेष्ठ वैणिक, त्यांच्यापाशी त्यांनी इतक्या तन्मयतेने शिक्षण घेतले की कुंचला बाजूस पडला. या ओढाताणीवर त्यांनी स्वतःचीच थट्टा करणारे एक रूपकात्मक चित्र काढले, आणि त्याचे नावच वीणेचे वेड असे आहे. ते अविवाहित राहिले. राहणी व्रतस्थाची. चित्र विकण्यापेक्षा ते जवळ ठेवणे त्यांना अधिक पसंत असे. समकालीनांनी त्यांना तऱ्हेवाईक म्हटले. तऱ्हेवाईकपणा होताच, परंतु त्यात एक तर्कशुद्धता होती. चित्रकार हा हुकमाचा ताबेदार नाही, हे त्यांना राजवाड्याच्या नोकरीत राहून सिद्ध करावयाचे होते. असा प्रयोग फार काळ निभावणे शक्य नसते.

१९४० च्या ऑगस्टमध्ये महाराज कृष्णराज वोडेयर वारले. राजाश्रय हा व्यक्तीचा व्यक्तीशी असलेला संबंध असतो, व्यक्ती गेली की उरते ते दफ्तर. आणि दफ्तराला कलेची भाषा येत नाही, ते कामाचे मोजमाप विचारते. उठावशिल्पांचे काम थांबले आणि मोबदल्यावरून वेंकटप्पांचा राजवाड्याशी वाद झाला. दुसऱ्या कोणी दरबारी माणसाने मुजरा करून काही पदरात पाडून घेतले असते. वेंकटप्पांनी न्यायालयाची पायरी चढली. चिताऱ्याच्या मुलाने राजवाड्यावर दावा लावावा, ही म्हैसूरच्या इतिहासात नवलाचीच गोष्ट. त्यांच्या हट्टामुळे त्यांचे नुकसान झाले, हे खरे. पण मजुरी आणि मानधन या दोन शब्दांतील अंतर कायद्यापुढे मांडण्याचे धैर्य त्या काळी किती चित्रकारांनी दाखविले?

यानंतर ते म्हैसूर सोडून बंगळुरास आले आणि अखेरची वर्षे त्यांनी तेथेच, लोकांपासून दूर राहून काढली. नवी चित्रे फारशी झाली नाहीत. त्यांच्या वयाच्या पंचविशीतील हातांनी जटायूचे पंख रंगविले होते, ते हात आता वीणेवर फिरत, तेही बहुधा स्वतःपुरतेच. याच काळात नंदलाल शांतिनिकेतनात शिष्यांची पिढी घडवीत होते, रवीन्द्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बंगाली मुलांच्या पहिल्या पुस्तकाला १९३० मध्ये त्यांनी दिलेली चित्रे घराघरांत पोहोचली होती. वेंकटप्पांच्या हाती तीच विद्या होती, रेषा तर काकणभर सरसच म्हणावी लागेल. कन्नड मुलांसाठी एखादे चित्रपुस्तक त्यांच्याकडून झाले असते, तर ते आज तंजावरापासून धारवाडापर्यंत घराघरांत असते. ते झाले नाही. धुरंधरांनी पोस्टकार्डांपासून रेल्वेच्या जाहिरातींपर्यंत काहीही काढण्यात कमीपणा मानला नाही, आणि एकेचाळीस वर्षे कलाशाळेत घालवून १९४० मध्ये त्या वर्षांवर प्रसन्नपणे आत्मवृत्त लिहिले. त्यांना जे सहज जमले ते वेंकटप्पांना जमणारे नव्हते. धुरंधरांच्या पाठीशी शाळेची नोकरी, निवृत्तिवेतन आणि मुंबईसारखे गिऱ्हाईक होते. वेंकटप्पांच्या पाठीशी एक राजा होता.

१९६५ मध्ये वेंकटप्पा निवर्तले. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, न्यूयॉर्कच्या डोव्हर कंपनीने हॅरपचा तो जुना ग्रंथ पुन्हा छापला, आणि त्यांची रामकथा पुन्हा नव्या वाचकांपुढे आली. बंगळुरास कस्तुरबा रोडवर, सरकारी संग्रहालयाच्या शेजारी, त्यांच्या नावाची चित्रशाळा १९७० नंतरच्या दशकात उघडली. उटकमंडचे धुके आणि वीणेचे वेड तेथे भिंतीवर आहेत. ही चित्रशाळा चालविण्यासाठी एका खासगी संस्थेकडे सोपविण्याचा घाट सरकारने घातला, तेव्हा २०१६ मध्ये शहरातील चित्रकार एकत्र येऊन रस्त्यावर उतरले. त्यांतील बहुतेकांनी वेंकटप्पांना पाहिलेही नव्हते. मागणी इतकीच होती की चित्रशाळा सर्वांसाठी खुली राहावी आणि तिच्यावरचे नाव जसे आहे तसे राहावे.